अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअर पणजोबांचा माग कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पणजोबा पुण्यात शिकले, १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेला गेले, तिकडेच इंजिनिअर म्हणून राहिले, १९५० च्या आसपास पत्रं यायची बंद झाली, आणि आता घरात एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात सात-आठ मोडी पत्रं, एक सर्टिफिकेट, जन्मपत्रिका, एक फोटो आणि "ते एडिसनबरोबर काम करायचे" ही आजीची गोष्ट, तर सुरुवात कुठून करू. मी हे वंशावळीचं काम बरीच वर्षं करतोय आणि परदेशी गेलेल्या माणसांच्याच केसेस जास्त येतात माझ्याकडे, म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी एडिसनचं बोलून टाकतो. वीज-इंजिनिअर पूर्वज असलेल्या घरांत मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की आता हसू येतं. पण गोष्ट टाकून देऊ नका, कारण ती साधारण हवेतून आलेली नसते, एडिसनचं नाव असलेल्या वीज कंपन्या अमेरिकेत कितीतरी शहरांत होत्या आणि त्यातल्या एखाद्या कंपनीत माणूस ड्राफ्ट्समन असला तरी घरी पत्रात "एडिसन कंपनीत आहे" असंच लिहिणार, मग दोन पिढ्यांत कंपनी गळते आणि एडिसन उरतो. तेव्हा वहीत लिहून ठेवा, पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि सोडून द्या. वेबसाइटवर नाव टाकून सर्च मारायची घाईही नको, सगळे तेच करतात, शंभर जोशी सापडतात आणि आठवड्यात उत्साह संपतो.

पहिलं काम ट्रंकेचं. पत्रं ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात आहेत तसेच फोटो काढा, मग हात लावा. पाकिटं फेकू नका, मला तर कधीकधी पत्रापेक्षा पाकीट जास्त सांगतं, पोस्टाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख असते, मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. कागद हॉटेलचा किंवा कंपनीचा छापील लेटरहेड असेल तर सोन्याहून पिवळं. फोटो पाठकोऱ्या कार्डावर चिकटवलेला असेल तर खाली स्टुडिओचं नाव आणि शहर असतं, ते लिहून घ्या. मोडी वाचायला माणूस लागेल, तर मोडी वाचणारे आता पुष्कळ आहेत, पण वाचून घेताना "सारांश सांगा" म्हणू नका, अक्षरशः लिप्यंतर मागा, कारण "रा. रा. अण्णांस सांगणे की व्याज दिले" असल्या कंटाळवाण्या ओळीतूनच कळतं की प्रवासाचे पैसे कुणाकडून कर्जाऊ घेतले होते, आणि ज्यानं पैसे दिले त्याच्या घरी हमखास दुसरा गठ्ठा असतो.

सर्टिफिकेटवर "कॉलेज ऑफ सायन्स, पूना" असं असेल तर गोंधळून जाऊ नका. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ ला सुरू झालं पण १८८० पासून त्याचं नाव सायन्स कॉलेज होतं, १९११ ला परत इंजिनिअरिंग कॉलेज झालं, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या वेळी माणूस एका नावाच्या कॉलेजात शिरून दुसऱ्या नावाच्या कॉलेजातून बाहेर पडलेला असू शकतो. डिग्री मुंबई विद्यापीठाची, बहुतेक एल.सी.ई., म्हणजे तेव्हाची सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी, विश्वेश्वरय्यांचीही हीच होती. विद्यापीठाच्या त्या काळच्या छापील कॅलेंडरांत पास झालेल्यांची नावं असतात, ती एकदा बघा, कारण तिथे जे स्पेलिंग आहे बहुधा तेच घेऊन माणूस बोटीवर चढला.

आता नाव, इथेच निम्म्या केसेस अडकतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, तिकडच्या कारकुनाला ते कळत नाही, मग कधी वडिलांचं नाव आडनाव म्हणून इंडेक्समध्ये बसतं, कधी "राव" नावाला चिकटून नवीनच नाव तयार होतं, कधी नुसती दोन आद्याक्षरं. बरेच लोक घरी कुलकर्णी आणि बाहेर गावावरून "कर" लावायचे, किंवा उलटं. शंकर आबाजी भिसे, ते मुंबईचे संशोधक जे लंडनमार्गे न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ ला तिथेच वारले, त्यांच्या पेटंटांवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक वाय जास्त आहे, आपण आज भिसे जसं लिहू तसं टाकलं तर ते कागद हाती लागत नाहीत. तेव्हा कागद पेन घ्या आणि आडनावाची दहा-बारा स्पेलिंगं लिहून भिंतीवर लावा. आणि हो, एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या ठाण्यावर, साहेबानं नाव बदललं ही कथा बहुतेक घरांत असते आणि ती खरी नसते, प्रवाशांची यादी बोट निघायच्या बंदरावर बोट कंपनीचे लोक भरायचे, अमेरिकेतला अधिकारी त्याच यादीवर टिकमार्क करायचा. नाव बदललं असेल तर माणसानं स्वतः बदललं, नंतर, नोकरीसाठी.

जन्मतारीख पत्रिकेवरून घेताना शक्यात ७८ मिळवून मोकळं होऊ नका. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे माघ शके १८११ म्हणजे १८९० ची सुरुवात, १८८९ नाही. हा एक वर्षाचा फरक पुढे प्रत्येक कागदावर छळतो. शाळेच्या दाखल्यावरची तारीख तर मास्तरांनी ठोकून दिलेली, तिच्यावर भरवसा नाही. तरीपण ती लिहून ठेवा, कारण परदेशात माणूस बहुतेक दाखल्याचीच तारीख सांगणार, पत्रिकेची नाही.

घराच्या बाहेर पण गावाच्या आत अजून तीन जागा आहेत. एक, कुलवृत्तांत. तुमच्या आडनावाचा छापलेला असेल तर त्यात पणजोबांची एक तरी ओळ असते, मग ती "अमेरिकेत स्थायिक" एवढीच का असेना, आणि ती माहिती कुणी दिली हे प्रस्तावनेत किंवा मागे मिळतं. दोन, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, घरातलं कुणी श्राद्धाला गेलं तेव्हा भावंडांची नावं सांगून नोंद केलेली असते, "परदेशी" असा शेरा मी स्वतः पाहिलाय. तीन, आणि ही लोकांना सुचतच नाही, जमिनीचे फेरफार. खापरपणजोबा वारले तेव्हा वारस नोंद झाली असणार, त्यात अमेरिकेतल्या मुलाचं नाव लागलं का, वगळलं का, हक्कसोड केली का? परदेशातून कुलमुखत्यारपत्र आलं असेल तर त्याच्यावर तिथल्या ब्रिटिश वकिलातीचा शिक्का आणि त्या दिवसाचा पत्ता असतो. एका केसमध्ये आम्ही दोन वर्षं अमेरिकेच्या साइट्स चाळत होतो आणि पत्ता निघाला तलाठ्याच्या दप्तरात!

इतकं झालं की मग समुद्र ओलांडा. पण ओलांडताना एक शब्द जपून, "इंजिनिअर". अमेरिकेत आगगाडीचा ड्रायव्हरही इंजिनिअर आणि बिल्डिंगच्या बॉयलरवर बसलेला माणूसही इंजिनिअर, त्यामुळे नुसता तो शब्द बघून "सापडले!" म्हणू नका. जनगणनेत धंद्याच्या शेजारच्या रकान्यात उद्योग लिहिलेला असतो, वीज कंपनी, रेल्वे, पूल बांधणारी फर्म, तो वाचा. आणि डिग्रीवाला आपला माणूस सुरुवातीला इंजिनिअर म्हणून सापडतच नाही, तो विद्यार्थी, मशीनिस्ट किंवा ड्राफ्ट्समन म्हणून सापडतो.

बोटीच्या यादीत १९०७ नंतर एक रकाना आहे तो आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा, मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. "वडील, अमुक, सदाशिव पेठ" असं दिसलं की शंभर जोशांमधला आपला जोशी हाच, मग वाद नाही. यादी दोन पानी असते, दुसरं पान बघायला लोक विसरतात, डाव्या पानावर नाव आणि पुढच्या पानावर कुणाकडे चाललाय, खिशात किती पैसे, जन्मगाव. बोट मुंबईहून थेट शोधू नका, बहुतेक लोक आधी इंग्लंडला उतरून लिव्हरपूल किंवा साउथॅम्प्टनहून दुसरी बोट घ्यायचे, त्यामुळे ब्रिटनमध्ये आलेल्यांची आणि ब्रिटनमधून गेलेल्यांची अशा दोन याद्यांतही ते असू शकतात. काही जण आधी जपानला गेले आणि मग पॅसिफिक ओलांडून सिअॅटल किंवा सॅन फ्रान्सिस्कोला. तिकडून आले असतील तर १९१० नंतरची एंजल आयलंडची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या तपासणी ठाण्याची, चौकशी फाइल असायची शक्यता, आणि ती मिळाली तर प्रश्नोत्तरांचं बाडच मिळतं, भाऊ किती, कॉलेज कुठलं, पैसे कुणी दिले, सगळं.

कायदा पण डोळ्यासमोर ठेवा, नाहीतर कागद चुकीचा वाचाल. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा पट्टा बंद केला, पण त्यातून काही धंद्यांना सूट होती, विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, वकील, व्यापारी, केमिस्ट, आणि सिव्हिल इंजिनिअर. बरोबर वाचलंत, सिव्हिल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल असं त्यात नाही. तेव्हा तुमचे पणजोबा मध्ये एकदा लग्नाला म्हणून घरी येऊन १९१९-२० ला परत गेले असतील आणि आयुष्यभर मोटारी दुरुस्त केलेला माणूस यादीत "सिव्हिल इंजिनिअर" निघाला, तर ती चूक नाही, ती युक्ती आहे. १९२४ च्या कायद्यानंतर तर जवळजवळ विद्यार्थी म्हणूनच शिरता यायचं, त्यामुळे पस्तिशीचा विद्यार्थी दिसला तरी दचकू नका.

आता इंजिनिअर पूर्वज असण्याचा खरा फायदा. शेतमजूर किंवा हमाल गेला असेल तर सरकारी कागदांपलीकडे फार काही नसतं, पण इंजिनिअरला आपण कोण हे सारखं सिद्ध करावं लागायचं आणि त्याचा कागद दरवेळी उरलाय. कॉलेजांचे वार्षिक कॅटलॉग घ्या, विद्यार्थ्याच्या नावापुढे त्याचं गाव छापलेलं असतं. एमआयटीत पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ लाच गेले होते, म्हणजे ही वाट तेव्हापासूनची, आणि १९१० च्या दशकात बर्कलेसारख्या पश्चिमेकडच्या युनिव्हर्सिट्यांत आपली बरीच मुलं होती. माजी विद्यार्थ्यांच्या डिरेक्टऱ्या त्याहून भारी, दर काही वर्षांनी नवीन पत्ता आणि नवीन कंपनी, चार आवृत्त्या शेजारी ठेवल्या की करिअरच उभं राहतं. इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहांवर यातलं खूप काही फुकट आहे. त्या काळच्या हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या संघटनेचं मासिक निघायचं, त्याचे अंक आणि असं बाकीचं साहित्य फिलाडेल्फियाच्या साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्हनं ऑनलाइन ठेवलंय, तिथे एक संध्याकाळ घालवा.

मग इंजिनिअरांच्या संस्था, सिव्हिलवाल्यांची १८५२ ची, मेकॅनिकलवाल्यांची १८८० ची, इलेक्ट्रिकलवाल्यांची १८८४ ची. मेंबर व्हायचं तर शिक्षण, नोकऱ्या आणि हमी देणाऱ्यांची नावं लिहून द्यावी लागायची. मेंबर लिस्ट छापील असायच्या, आणि सिव्हिलवाले वारलेल्या मेंबरांचे चरित्रात्मक मृत्युलेखही छापायचे. मध्ये काही वर्षं इंग्लंडमध्ये काढली असतील तर तिथल्या सिव्हिल आणि मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थांतही हेच करून बघा.

पेटंट मात्र माझं सगळ्यात लाडकं. गूगल पेटंट्सवर नाव टाकून मिळालं नाही तरी थांबू नका, १९७६ च्या आधीची पेटंटं स्कॅन करून मशीननं वाचलेली आहेत, त्यात नावाची वाट लागलेली असते. आणि "इंडिया" टाकून शोधू नका! पेटंटाच्या पहिल्या वाक्यात माणूस कुठल्या राजाची प्रजा ते लिहायची पद्धत होती आणि आपला माणूस तिथे ग्रेट ब्रिटनच्या राजाची प्रजा असतो, पुढे राहण्याचं गाव आणि काउंटी. नावाखाली "अमक्या कंपनीला हक्क दिले" असं असेल तर तीच नोकरी. सही आणि साक्षीदारांची नावंही बघा, साक्षीदार बहुतेक ऑफिसातले सहकारी किंवा वकील, पण एकदा साक्षीदारात बायकोचं नाव निघालं होतं जिच्याबद्दल इकडे कुणाला काही माहीत नव्हतं.

बायकोचं निघालंच आहे तर बोलतो. हे तुमच्याकडे झालं असेलच असं नाही, पण तयारी ठेवा, तिकडे दुसरा संसार निघू शकतो. ही काही आजची गोष्ट नाही, मुंबईचे जहाज-इंजिनिअर अर्देशीर कर्सेटजी वाडिया, रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो, १८४१ चे, त्यांचंही मुंबईत एक कुटुंब आणि इंग्लंडमध्ये दुसरं होतं आणि ते १८७७ ला रिचमंडला वारले. घरात सांगायचं कसं हा तुमचा प्रश्न, पण शोधात ही बाई टाळू नका, कारण कागद तिच्या नावावर जास्त असतात. त्याचं कारण नागरिकत्वाचा कायदा. १९२३ च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि मग आधी मिळालेली नागरिकत्वंही सरकार परत घ्यायला लागलं. सखाराम गणेश पंडित या वकिलांनी आपलं १९१४ चं नागरिकत्व कोर्टात भांडून राखलं, १९२६ ला अपिलात जिंकले, पण सगळ्यांना ते जमलं नाही. आणि अशा नागरिक न होऊ शकणाऱ्या माणसाशी लग्न केलं म्हणून अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जायचं, हे १९३१ पर्यंत चाललं. नंतर तिनं ते परत मागितलं असेल तर त्या अर्जात नवऱ्याचं नाव, जन्मगाव, लग्नाची तारीख सगळं आहे, पणजोबांच्या स्वतःच्या नावावर एक कागद नसतानाही.

म्हणून जनगणना बघताना १९२०, ३०, ४०, ५० अशी ओळीनं बघा. नागरिकत्वाच्या रकान्यात १९२० ला नागरिक आणि १९३० ला परत परदेशी असं आलं तर लोक समजतात माणूस वेगळा, तसं नाही, मध्ये थिंड झालेला असू शकतो. वंशाच्या रकान्यात १९२० ते १९४० "हिंदू" असंच असेल, मुसलमान आणि शीख असला तरी तेच, त्यावरून धर्म काढू नका. १९४६ ला कायदा बदलला आणि आपले लोक नागरिक होऊ लागले, तेव्हा पणजोबांचा अर्ज १९४६ नंतरचा असायची शक्यता भरपूर.

बाकीचं पटापट. पहिल्या महायुद्धात ५ जून १९१७ ला २१ ते ३० वयाच्या सगळ्या पुरुषांना सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावं लागलं, परदेशी असले तरी, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्यांना, म्हणजे पणजोबा १८९० चे असतील तर दोन्ही कार्डं असणार, दोन्हीवर मालकाचं नाव, पत्ता आणि सही. ती सही मोडी पत्रातल्या इंग्रजी सहीशी जुळवा. १९४० ला सगळ्या परदेशी लोकांची ठशांसकट नोंदणी झाली, तो फॉर्म इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडून फी भरून मागवता येतो, वेळ लागतो, विसरून जावं इतका. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेचा, अर्ज १९३६ पासूनचा, त्यात आईवडिलांची नावं माणसानं स्वतः दिलेली असतात. फक्त तिथे आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं आणि आपल्याकडे लग्नात बाईचं आडनावच काय, नावही बदलायचे, म्हणून तिथे "काशी" आणि इकडे कुलवृत्तांतात "लक्ष्मी" दिसलं तर ती एकच बाई असू शकते. मृत्यूचा दाखला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी विश्वासाचा, तो शेजाऱ्यानं किंवा घरमालकिणीनं भरलेला असतो, वडिलांचं नाव "माहीत नाही". थडगं शोधण्यात वेळ घालवू नका, आपला माणूस बहुतेक जाळलेला असणार, त्या गावाच्या दहनगृहाचं रजिस्टर विचारा, अस्थी कुणी नेल्या ते त्यात असतं.

हे सगळं जमवताना माझी एकच सवय तुम्ही उचला. वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा, कागद कुणी भरला, कुणाला दिला, आणि त्यातून माणसाला काय हवं होतं. बोटीवर शिरकाव हवा होता, संस्थेत मेंबरशिप हवी होती, घरी आईला काळजी वाटू नये हे हवं होतं. एकाच वर्षी तीन कागदांत तीन धंदे आले की नवे लोक "रेकॉर्ड चुकीचं आहे" म्हणून वैतागतात. तीनही खरे धरून चाला आणि त्या वर्षी तो माणूस कुणाकुणाच्या टेबलासमोर उभा होता ते बघा.

तुमच्या बाबतीत मी असा जाईन. या रविवारी पाकिटांवरचे शिक्के तारखेनं लावा, शेवटचं पत्र कुठल्या शहरातून आलं ते ठरवा, आणि त्या शहराची त्या वर्षाची सिटी डिरेक्टरी उघडा, त्या छापील असायच्या, बऱ्याच ऑनलाइन आहेत, नाव, धंदा, घराचा पत्ता. मग एकेक वर्ष मागे या, आणि एकेक वर्ष पुढे जा. पुढे जाताना ज्या वर्षी त्यांचं नाव गळतं आणि त्याच पत्त्यावर त्याच आडनावाची बाई, "विधवा" असा शेरा घेऊन उभी दिसते, तिथे थांबा आणि त्या वर्षाचं लोकल वर्तमानपत्र काढा.